उंदीर पडले, पण नोंद कोणाची?

आजचा विषय प्लेगचा आहे. पण रँड, चापेकर आणि गणेशखिंड यापुरताच तो ठेवायचा नाही. ती गोष्ट शाळेपासून आपल्याला माहीत आहे, तिच्याकडे येऊच. मला बोलायचंय ते एका साध्या प्रश्नावर: साथ कुठून कुठे चाललीय हे त्या काळी कसं शोधत होते? फोन नव्हते, टेस्ट किट नव्हतं, स्क्रीनवर लाल ठिपके नव्हते. तरी शोधत होते, आणि भरपूर शोधत होते. फक्त बरीच वर्षं चुकीची गोष्ट मोजत होते.

सुरुवात कायद्यापासून करू. 4 फेब्रुवारी 1897ला साथरोग कायदा पास झाला. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा, म्हणजे आपल्या एखाद्या अ‍ॅपच्या 'टर्म्स अँड कंडिशन्स'पेक्षा कितीतरी लहान. सरकारला काय काय करता येईल ते दुसऱ्या कलमात आहे, आणि तिथे रेल्वेनं किंवा इतर मार्गांनी प्रवास करणाऱ्या माणसांची तपासणी करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलाय. रेल्वे हा शब्द थेट कायद्यात. हे वाचलं तेव्हा मला आधी आपलं लोणावळा आठवलं. मुंबईहून रेल्वेनं पुण्याला जायचं तर घाट चढल्याशिवाय गत्यंतर नाही. 1863मध्ये बोरघाटाची लाइन सुरू झाली, आणि तेव्हापासून कर्जत, खंडाळा, लोणावळा या एका अरुंद नळीतून मुंबई आणि दख्खन एकमेकांना जोडलेले आहेत. आमच्या भाषेत याला बॉटलनेक म्हणतात. एरवी आम्ही बॉटलनेकला शिव्या घालतो, पण ट्रॅफिकवर लक्ष ठेवायचं असेल तर याहून सोयीची जागा नाही.

आणि ट्रॅफिक केवढं होतं बघा. सप्टेंबर 1896मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला. 1891च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती साधारण 8 लाख 21 हजार. फेब्रुवारी 1897 उजाडेपर्यंत त्यातली जवळपास निम्मी माणसं शहर सोडून गेली होती. काही कोकणात बोटीनं गेली, काही गुजरातकडे, आणि जी देशावरची होती ती गाडीत बसून घाट चढून वर आली. लॉकडाऊनमध्ये रस्त्यानं चालत निघालेली माणसं आपण पाहिली आहेत, त्यामुळे हे चित्र डोळ्यांसमोर आणायला फार कष्ट पडू नयेत.

मग स्टेशनांवर तपासणी सुरू झाली. कल्याणची तपासणी त्यात मोठी होती, कारण दख्खनचा आणि उत्तरेचा फाटा तिथेच फुटतो. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना फलाटावर उतरवून रांगेत उभं करायचे. जांघेत, काखेत, मानेला गाठ आहे का ते बघायचं, अंगाला ताप आहे का ते बघायचं. संशय आला की माणूस गाडीतून बाहेर आणि छावणीत. वरच्या वर्गातल्या साहेबलोकांची तपासणी डब्यातच, अदबीनं. बायकांसाठी बाई तपासनीस आणि पडद्याची सोय करायला पाहिजे हे पुढे पुढे सुचत गेलं. तोवर जो संताप व्हायचा तो होऊन गेला होता.

आता इंजिनिअर म्हणून याकडे बघा. गाठीच्या प्लेगचा जंतू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते सात दिवस जातात. मुंबई ते पुणे हा प्रवास काही तासांचा. म्हणजे काल रात्री ज्याला पिसू चावली, तो आज कल्याणला ठणठणीत आहे, लोणावळ्याला ठणठणीत आहे, पुण्याला उतरून घरी जाऊन जेवतोय आणि चार दिवसांनी आजारी पडतोय. फलाटावरची तपासणी त्याला पकडणार कशी? ती फक्त आधीच आजारी असलेल्याला पकडते, आणि आधीच आजारी असलेला माणूस सहसा तिसऱ्या वर्गाच्या गर्दीत बसून प्रवास करायच्या अवस्थेत नसतो. मद्रास इलाख्यात या अडचणीवर एक तोडगा काढला होता, प्लेग पासपोर्ट. साथीच्या भागातून आलेल्यानं पोहोचल्यावर दहा दिवस स्थानिक अधिकाऱ्यापुढे हजेरी लावायची. कल्पना म्हणून ही फलाटावरच्या तपासणीपेक्षा कितीतरी शहाणी. मार्च 2020मध्ये महाराष्ट्रात डाव्या हातावर शिक्के मारले ना, तो याच पासपोर्टचा पणतू.

पण तपासणी कितीही हुशार असली तरी तिला एक गोष्ट लागते. समोरच्यानं खरं सांगायला हवं. आणि इथे पुण्याची गोष्ट येते.

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 13 मार्च 1897पासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घराघरांत शिरून रोगी शोधायला लागल्या. हे काम 19 मेपर्यंत चाललं. देवघरापर्यंत बूट गेले, सामान जाळलं, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत नेलं. मृत्यूची नोंद झाल्याशिवाय अंत्यविधी करायचा नाही, मोडलात तर खटला. यातल्या अत्याचारांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मी फक्त नोंदीच्या बाजूनं एक गोष्ट विचारतो. खरं सांगितलं तर घर उघडं पडणार, आई छावणीत जाणार, अंथरूण-पांघरूण जळणार. लपवलं तर कदाचित निभावेल. अशी प्रणाली बांधल्यावर तुम्हाला डेटा कुठला मिळणार? लोक रोगी माळ्यावर लपवायचे, रातोरात दुसऱ्या पेठेत हलवायचे, साधा ताप म्हणून सांगायचे. काम संपलं तेव्हा प्लेगनं मेलेल्यांचा आकडा धरला गेला 2091. तोही 'अंदाज' म्हणूनच. गोऱ्या शिपायांनी घरं पिंजून काढली, तरी शेवटी हातात आला तो अंदाज! शेवटच्या अंकापर्यंत नेमका दिसणारा अंदाज. असे आकडे ऑफिसातही रोज बघतो आपण.

22 जून 1897च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते सांगायला नको. दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर चिंचवडचे, म्हणजे आपल्याच लाइनवरचे.

मुंबईत तर नोंदवहीच खोटं बोलत होती. लोक मृत्यूचं कारण दुसरंच काही सांगत, आणि प्लेगच्या रकान्यातले आकडे कमी राहत. पण एकूण मृत्यू लपवणं अवघड असतं. तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी सरळ हिशेब मांडला: एरवी या आठवड्यात किती माणसं मरतात, यंदा किती मेली, आणि मधला फरक कुठून आला? करोनात 'अतिरिक्त मृत्यू' हा शब्द आपण रोज ऐकला, त्यामागची युक्ती मुंबई महापालिकेत तेव्हाच वापरात होती. त्यातही गोची होतीच. अर्धं शहर पळून गेलंय, मग मृत्यूदर काढताना भागायचं कशानं? कागदावर आठ लाख, शहरात त्याच्या निम्मे. 1901च्या जनगणनेत मुंबई 7 लाख 76 हजारांवर आली होती, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. मुंबईची लोकसंख्या घटल्याचं वाक्य आपण सहसा ऐकत नाही.

आता त्या गाडीकडे परत जाऊ. फलाटावर माणसांच्या काखा तपासल्या जात होत्या, तेव्हा पुढच्याच रुळावर मालगाडी उभी असे आणि तिच्यात धान्याची पोती असत. ती कोणी तपासत नव्हतं. खरं तर मुंबईत प्लेग जिथे पहिल्यांदा पकडला गेला ती मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. तिथे उंदीर मरून पडत होते हे लोकांनी पाहिलं होतं. 1898मध्ये कराचीला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं उंदरावरच्या पिसवा रोग पसरवतात हे छोट्या प्रयोगानं दाखवलंही. आणि त्याच सुमारास पुरावे गोळा करत हिंडणाऱ्या इंडियन प्लेग कमिशननं काय केलं? पिसवांचा मुद्दा विचारात घेण्याजोगा नाही म्हणून बाजूला ठेवला. मला यात साहेबांच्या मूर्खपणापेक्षा एक ओळखीची सवय दिसते. माणसं मोजण्याची यंत्रणा तयार होती, रजिस्टर होती, शिपाई होते. जे मोजता येतं त्यातच उत्तर शोधायचं, ही सवय आमच्या धंद्यात आजही तशीच आहे.

यातून वाट काढली परळच्या प्रयोगशाळेनं. हाफकिन यांनी 1899मध्ये जुन्या गव्हर्नमेंट हाउसात थाटलेली, आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो ती. तिथे ग्लेन लिस्टन नावाचा डॉक्टर होता. 1903मध्ये मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, गिनीपिग मरायला लागले. लिस्टननं बघितलं तर त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा. गिनीपिगवर एरवी त्या नसतात. यजमान उंदीर मेला की पिसू उपाशी राहते आणि मिळेल त्या उबदार अंगावर उडी मारते. मग त्यानं हाच प्राणी यंत्रासारखा वापरला. प्लेग झालेल्या घरात रात्रभर गिनीपिग मोकळे सोडायचे आणि सकाळी त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजायच्या. चार पायांचा सेन्सरच म्हणा. रोग्याला हात न लावता, कोणाची आई छावणीत न नेता, घर धोक्याचं आहे की नाही ते कळायला लागलं.

1905पासून नव्या प्लेग संशोधन आयोगानं परळमध्ये खास झोपड्या बांधून हे पद्धतशीर तपासलं. उंदरांची पिसू फारतर चार-एक इंच उडी मारते. म्हणून पिंजरे जमिनीलगत ठेवून बघितले आणि वर टांगून बघितले, भोवती चिकट कागद अंथरून बघितले. जमिनीवरचे प्राणी मेले, वर टांगलेले आणि चिकट कागदाआडचे वाचले. जमिनीवर झोपणारा गडी आणि खाटेवर झोपणारा मालक यांच्या नशिबातला फरक इंचांत मोजून झाला, असंही म्हणता येईल.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते त्यांचं उंदरांचं रजिस्टर. मुंबईभरातून रोज मेलेले आणि पकडलेले उंदीर गोळा व्हायचे. प्रत्येक उंदरासोबत तो कुठल्या जागी सापडला त्याची चिठ्ठी. परळला एकेक उंदीर चिरून तपासायचा, प्लेग आहे की नाही लिहायचं, आणि शहराच्या नकाशावर खूण करायची. वर्षभरात लाखाच्या वर उंदीर तपासले. लाखाच्या वर! हातानं, उकाड्यात, त्या वासात. त्या टेबलांवर काम करणारी माणसं बहुतेक मराठीच असणार, पण पेपरवर नावं साहेबांची.

त्या खुणांतून जे दिसलं ते विलक्षण होतं. आधी गटारातल्या तपकिरी उंदरांत साथ यायची. त्यानंतर साधारण दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत. आणि तिथून आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. म्हणजे एखाद्या आळीत पहिला रोगी दिसायच्या तीनेक आठवडे आधी ती आळी लाल करता येत होती. उंदीर खोटं बोलत नाही, नाव लपवत नाही, आणि त्याची नोंद केल्याबद्दल कोणाचं घर उघडं पडत नाही.

हे ज्ञान आपल्या खेड्यांत मात्र आधीच होतं. वेगळ्या रूपात, आकड्यांशिवाय. 'उंदीर पडले' हा शब्दप्रयोग जुन्या माणसांच्या तोंडी अजून ऐकू येतो. उंदीर मेले असं नाही म्हणत, पडले म्हणतात. आढ्यावरून, वळचणीतून, जमिनीवर टप्पदिशी. घरात उंदीर पडला की गाव बाहेर निघायचं. शेतात, माळावर पेंढ्याच्या झोपड्या टाकायच्या आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच राहायचं. सरकारी छावणीत जायला मरणाएवढं घाबरणारे लोक स्वतःहून गाव ओस टाकत होते. आणि उपाय तोच होता. उंदीर आणि पिसवा गावातल्या घरांत आणि कणग्यांत मागे राहायच्या, माणसं बाहेर. आयोगाच्या कामानंतर कळलं की सगळ्या उपायांत हा साधा उपाय सर्वात कामाचा. पुण्याच्या छावण्यांचाही खरा फायदा झाला असेल तर तो एवढाच, की माणसं उंदरांच्या घरातून बाहेर पडली. पण कोणी ओढून बाहेर काढणं आणि स्वतः उठून निघणं यात फरक आहे, आणि तो फरक शेवटी नोंदवहीत उतरतो. सरकारनंही हळूहळू हे मान्य केलं. पुण्यातला खून आणि मार्च 1898मधली मुंबईची दंगल यांच्यानंतर जबरदस्ती कमी होत गेली, आणि ऐच्छिक स्थलांतर आणि हाफकिनच्या लशीवर भर आला.

मावळापुरतं बोलायचं तर यात एक अडचण आहे, आणि ती पुस्तकांत फारशी येत नाही. मुंबईत प्लेगचा जोर असायचा साधारण जानेवारी ते एप्रिल. दख्खनच्या पठारावर मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत, कारण पिसवांना फार कोरडं ऊन सोसत नाही, दमट गारवा मानवतो. म्हणजे घाटाच्या खाली एक ऋतू, वर दुसरा, आणि मधे आपण. आता ऑगस्टमध्ये उंदीर पडले तर? सातारा-नगरकडचा शेतकरी माळावर खोपटं टाकू शकतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. खाचरं पाण्यानं भरलेली, भात उभं, इरलं घेतल्याशिवाय बांधावर जाता येत नाही. तान्हं पोर आणि म्हातारी घेऊन पेंढ्याच्या झोपडीत किती रात्री काढणार? न्यूमोनिया की प्लेग, असा हा हिशेब. शिवाय घर उघडं टाकलं की चोरीची भीती. 'साथ आली की गाव सोडायचं' हे वाक्य बोलायला सोपं आहे. ज्याच्याकडे उंचावर कोरडी जागा आहे तो सोडतो.

सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर सासाणे माळावर दवाखाना काढला तो याच काळात. ज्यांना कोणी जागा देत नव्हतं त्यांना जागा मिळाली. रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897ला त्या गेल्या. सैनिक घरात शिरायच्या तीन दिवस आधी. त्या माळावर लोक रोगी लपवत नव्हते, आणत होते.

उंदरांचं रजिस्टर पुढे सगळ्याला पुरलं का? नाही. जून 1918मध्ये मुंबई बंदरावर पहारा देणारे पोलीस तापानं पडले आणि इन्फ्लुएंझा त्याच रुळांवरून वर चढला. या वेळी मधे उंदीर नव्हता, पिसू नव्हती, तीन आठवड्यांची आगाऊ सूचना नव्हती. 6 ऑक्टोबर 1918ला एकट्या मुंबईत एका दिवसात 768 माणसं मेली. एका रोगासाठी वीस वर्षं घासूनपुसून बनवलेली यंत्रणा दुसऱ्या रोगापुढे अशी आंधळी होते.

आणि 2020? महाराष्ट्रात तो चार कलमी कायदा लागू झाला तो दिवस होता 13 मार्च. हो, पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या तीच तारीख. निव्वळ योगायोग आहे, पण मी तो वाचला तेव्हा दोनदा तपासला. पुढे आरोग्य सेतू आलं, कंटेनमेंट झोन आले, इमारतींच्या गेटला पत्रे ठोकले. आणि 'आमच्या सोसायटीत कळलं तर?' म्हणून टेस्टच न करणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. तंत्र कुठल्या कुठे गेलं होतं. माळ्यावर रोगी लपवण्याचं कारण जसंच्या तसं होतं.

शेवटी एक अलीकडची घटना. ऑगस्ट 1994, बीड जिल्हा, मामला नावाचं गाव. गावकऱ्यांनी आधी पिसवा वाढल्याची तक्रार केली, उंदीर पडल्याचं सांगितलं, आणि त्यानंतर गाठी आलेले रोगी दिसायला लागले. परळच्या नकाशावर दिसलेला क्रम तोच, फक्त या वेळी नोंद ठेवणारं गावच होतं. पुढच्याच महिन्यात सुरतची साथ आली आणि सगळ्या वर्तमानपत्रांचे कॅमेरे तिकडे गेले.

तुमच्यापैकी कोणाकडे, वडगाव, कामशेत, तळेगाव, पवनेच्या खोऱ्यात कुठेही, प्लेगमध्ये गाव कुठे बसलं होतं त्या जागेची आठवण असेल, माळाचं किंवा टेपाचं नाव असेल, घरातल्या कोणी सांगितलेलं काही असेल, तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. जागा नकाशावर टाकायचा विचार आहे. दोन-चार नावं माझ्याकडे आली आहेत, पण पावसाळ्यात तिथे राहता येईल का, ते आधी जाऊन बघायचंय.